बुआजींचा चौकोन

गाडी तांड्याच्या देवळापाशी उभी होती. ड्रायव्हरनं दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला, तेव्हा याडी चुलीपुढे बसून चहात साखर घालत होती. याडी म्हणजे माझी आई. आम्ही बंजारा, आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात आणि वडिलांना बा. बा माझी बॅग घेऊन केव्हाच गाडीपाशी गेला होता. मोठा भाऊ विजय दारात उभा राहून एकदा माझ्याकडे आणि एकदा मोबाइलमधल्या घड्याळाकडे बघत होता. फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यावरून नागपूरचं विमानतळ म्हणजे पाच तास धरून चाला. विमान चुकणार, असा घोर माझ्या जिवाला सकाळपासून लागला होता.

याडीनं मान न वळवता, टीव्हीवरच्या मालिकेतल्या बुआजींच्या आवाजात म्हटलं, "चाय पिए बिना कोई नहीं जाएगा."

मी हसले, तिच्या पाया पडले आणि म्हटलं, "आता नाही याडी. पुढच्या खेपेले पिईन."

भांडं चुलीवरून उतरवून तिनं बाजूला ठेवलं आणि मला सोडायला देवळापर्यंत आली.

आर्णीला ड्रायव्हरनं हॉटेलासमोर गाडी लावली. त्याला नाश्ता करायचा होता. आम्ही तिथं चाळीस मिनिटं बसलो आणि मी दोन कप चहा प्यायले. विजय माझ्यासमोर बसला होता. त्यानं आपला कप तोंडाला लावला नाही. तेव्हा मला वाटलं, बहीण परदेशी चालली म्हणून त्याला वाईट वाटत असेल.

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथं मात्र त्यांचं बोलणं मी फुलसावंगीच्या बाजारातल्या मराठीत लिहिते आहे, म्हणजे सगळ्यांना कळेल. बुआजींबद्दल वेगळं सांगायची फारशी गरज नाही. ती हिंदी मालिका तुम्हीही पाहिली असेल. चार मजल्यांची इमारत, एकमेकांच्या भांड्यात काय शिजतंय याची चौकशी करणारे शेजारी, टोपीवाले मेजरसाहेब, विम्याच्या पॉलिसी गळ्यात मारणारा छत्रीवाला, कधीच सुरू न होणारी स्कूटर ढकलणारे मास्तर आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बुआजी. कुणी कितीही घाईत जिना चढत असो, बुआजी दार उघडून त्याला आत ओढणार आणि तेच वाक्य म्हणणार. घरात प्रेत असल्यासारखं तोंड करून आलेला माणूससुद्धा चहा पिऊनच बाहेर पडायचा. भागाच्या शेवटी सगळे गच्चीवर जमायचे. आमच्याकडे टीव्ही होता म्हणून संध्याकाळी तांड्यावरची दहा-बारा माणसं ओट्यावर बसायची. यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना हिंदी नीट कळत नव्हतं, पण बुआजींचं दार उघडलं की सगळ्यांच्या आधी त्याच हसायच्या.

विजय पुसदला आयटीआय करत होता. एका दिवाळीला त्यानं त्या मालिकेवरचा खेळ आणला. खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता म्हणून दुकानदारानं त्याला तो जरा स्वस्तात दिला होता. आत जाड पुठ्ठ्याची घडी. ती उघडली की सगळी इमारत पसरायची: खाली फाटक, वर गच्ची, मध्ये जिन्याचे चौकोन. प्लास्टिकच्या चार सोंगट्या होत्या. मेजरची टोपी बानं घेतली, विजयनं शेजाऱ्यांचा तवा, मी छत्री. याडीनं स्कूटर. "मले चालोता येत नाही, पण ढकलता येते," ती म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावर एका चौकोनात फक्त किटलीचं चित्र होतं. तो बुआजींचा चौकोन. नियमांचा कागद इंग्रजीत होता. बा दहावीपर्यंत शिकलेला, तो एकेक शब्द जुळवत वाचायचा. त्यानं वाचलं, याडीशी काहीतरी कुजबुज झाली आणि मग त्यानं आम्हाला नियम सांगितला: किटलीवर सोंगटी आली की चहा. म्हणजे खरोखरचा चहा. चूल पेटवायची, चहा करायचा, ज्याची सोंगटी तिथं आली त्यानं तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायचा, आणि तोवर कुणीही फासा टाकायचा नाही. सगळ्यांनी थांबायचं. कागद पहिल्याच पावसाळ्यात उंदरांनी खाल्ला. नियम राहिला.

त्यामुळे आमचा एकेक डाव दोन-दोन दिवस चालायचा. मध्येच चहा, मध्येच लाइट गेली, मध्येच बाला बैल पाणी पाजायला न्यायचे असायचे. विजय कटकट करायचा, कारण तो कायम पुढे असायचा आणि माझी छत्री बरोबर किटलीवर जाऊन पडायची. तो गच्चीपासून दोन पावलांवर आणि फासा हातात धरून बसलेला. मी मुद्दाम बशीत ओतून, फुंकर मारत मारत प्यायचे. याडी त्याला म्हणायची, "दम धर. तुही गच्ची कोठी पळून नाही चालली."

मला आवडायचं ते. घरातली तीन माणसं माझ्या एका कपासाठी थांबली आहेत, यापेक्षा मोठी श्रीमंती मी अजून पाहिलेली नाही.

मग मी नागपूरला नर्सिंग केलं, तिथल्या एका दवाखान्यात सहा वर्षं काढली, आणि आयर्लंडमधल्या कॉर्कच्या एका केअर होमचं बोलावणं आलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही चौघं शेवटचा डाव खेळायला बसलो. माझी छत्री किटलीवर आली. नेमकं तेव्हाच मला आठवलं की सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स राहिल्यात, आणि मी उठून फुलसावंगीला पळाले. परत आले तर बॅग भरायची होती. याडी म्हणाली, "राहू दे. सकाळी चहा पिशीन, मंग पुढं खेळू."

सकाळचं मी वर सांगितलंच आहे.

आमच्याकडे घरातलं माणूस प्रवासाला निघालं की लगेच झाडू मारत नाहीत. याडीनं त्या खेळालाही तोच कायदा लावला. तिनं तो पुठ्ठा सोंगट्यांसकट उचलला, धान्याच्या कोठीवर ठेवला आणि वर खताच्या पोत्यातलं प्लास्टिक घातलं. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. माझी ड्यूटी, माझं रोस्टर, इथला न संपणारा ढगाळपणा असं सगळं बोलून झालं की ती फोन कोठीवर धरायची, प्लास्टिक वर करायची आणि म्हणायची, "पाह्य, तुही छत्री इथंच हाय. आमी थांबून राह्यलो." मी हसायचे. मागे एखाद्या आजोबांच्या खोलीची बेल वाजायची आणि मी फोन ठेवायचे. पहिल्या वर्षी सुट्टी जमली नाही. दुसऱ्या वर्षी जमली असती, पण मी जादा शिफ्ट घेतल्या. मला इथं कायम राहण्याच्या कागदांची घाई होती.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात, सकाळी, मी एका आजींना नाश्ता भरवत असताना विजयचा फोन आला. याडी शेतातून आली, ओट्यावर बसली, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेली. त्याचा आवाज अगदी सपाट होता. त्यानं एवढंच विचारलं, "थांबाव का तुह्यासाठी?"

मी नर्स आहे. माझं डोकं लगेच हिशेब करायला लागलं: तिकीट, दोन विमानं, नागपूर, तिथून पाच तास. मी म्हटलं, परवा संध्याकाळच्या आत काही पोचत नाही मी. थांबू नका.

तो म्हणाला, "तांडा थांबाले तयार हाय." मी पुन्हा म्हटलं, नको, थांबू नका. मला तेव्हा वाटलं, मी समजूतदारपणा दाखवते आहे. तिला त्याच संध्याकाळी नेलं. आणि एकदा तसं झाल्यावर मी गेलेच नाही. आता जाऊन काय बघायचं, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की विजयसमोर उभं राहायची माझी हिंमत नव्हती. त्यानंतर फोनवर तो मला हवापाणी विचारायचा आणि बाच्या हातात फोन द्यायचा.

सात-आठ महिन्यांनी, एका रविवारी, इथल्या एका मराठी कुटुंबानं जेवायला बोलावलं. पुण्याची माणसं, मनानं चांगली. जेवणं झाल्यावर ताईंनी कपाटातून एक खोकं काढलं. मला आधी कळलंच नाही. तोच खेळ. नवा, चकचकीत, कोपरे शाबूत. ती मालिका आता लोक पुन्हा मोबाइलवर बघतात, म्हणून कंपनीनं तो पुन्हा काढला होता म्हणे. सगळे बुआजींच्या आवाजात तेच वाक्य म्हणायला लागले. मी छत्री मागून घेतली.

चौथ्या की पाचव्या फेरीत माझी छत्री किटलीवर आली. मी उठले, त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, केटल लावली, आलं किसलं, दूध उकळलं. बाहेरून हसण्याचे आवाज येत होते. मला वाटलं, वाट बघताना गप्पा चालल्यात. मी ट्रे घेऊन बाहेर आले, सगळ्यांना कप दिले, माझा घेऊन बसले आणि पुठ्ठ्याकडे पाहिलं. मेजरची टोपी गच्चीवर पोचली होती. तवा तिच्या मागोमाग. स्कूटर चौथ्या मजल्यावर. तिसऱ्या मजल्यावर मी एकटी.

ताई म्हणाल्या, "अगं, तू चहाला कशाला उठलीस? फक्त तुझा एक चान्स जातो. बाकीचे खेळतच राहतात."

त्यांनी मला नियमांचा कागद दाखवला. तसंच लिहिलं होतं. मी चहाचं कौतुक ऐकून घेतलं, हसले, बसनं घरी आले आणि पायातले बूटही न काढता जमिनीवर बसून रडले. याडी गेली तेव्हा मी इतकी रडले नव्हते. मला वाटत होतं, बिचारी माझी अडाणी आई. चुकीचा नियम धरून बसली आणि दोन वर्षं प्लास्टिक उचलून मला दाखवत राहिली. जगात कुठंच कुणी कुणासाठी थांबत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात मी सुट्टीचा अर्ज केला.

तांड्यावर पोचले तेव्हा कापूस वेचणीला आला होता. घर झाडलेलं होतं आणि रिकामं वाटत होतं. विजय गाडीतून बॅग उतरवायला आला, पण माझ्याकडे बघितलं नाही. वहिनी आणि भाची वणीला राहायला गेल्या होत्या. विजयला तिकडे ट्रकच्या गॅरेजमध्ये भागी मिळाली होती, कोळशाच्या गाड्यांचं काम बारा महिने असतं. शेत बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलं होतं. फक्त बा हलायला तयार नव्हता. त्याच्यासाठी विजय आठवड्यातून दोनदा एवढा लांबचा रस्ता मोटरसायकलवर तुडवत होता. त्याची पाठ मला वाकलेली दिसली.

कोठीवर प्लास्टिक तसंच होतं. मी ते उचललं. टोपी, तवा, स्कूटर, छत्री. एकावरही धूळ नव्हती; बा रोज पुसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाला कॉर्कमधली गोष्ट सांगितली. म्हटलं, बा, आपण जन्मभर चुकीचं खेळलो. त्या कागदात तसं नव्हतंच. तुला वाचता आलं नाही का?

बानं हातातली विडी खाली ठेवली. मग म्हणाला, "मले बरोबर वाचता आलंतं. मी तुह्या याडीले बरोबरच सांगतलंतं. थेच म्हणे, एक जण चहा प्यायले बसला अन् बाकीचे पुढं निंघून गेले, असा कोठी तांडा असते काय?"

मग त्यानं ती गोष्ट सांगितली. याडीचा पणजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरायचा. वाटेत कुणाचा बैल लंगडला, कुणाची बाई अडली, तर पुढचा माणूस हाळी द्यायचा आणि शंभर बैल जागच्या जागी उभे राहायचे. मीठ भिजलं तरी चालेल, पण मागे कुणाला टाकून जायचं नाही. याडीनं हे लहानपणी शंभरदा ऐकलं होतं. म्हणून तिनं पहिल्याच दिवशी नियम बदलला आणि बाला बजावलं की पोरांना हाच सांग.

म्हणजे तिला माहीत होतं. बाहेर कसं असतं ते तिला पहिल्यापासून माहीत होतं, आणि तिनं आपल्या घरापुरतं ते होऊ दिलं नाही. अडाणी मी होते. 'थांबू नका' हे तिच्या घरात कुणीच कधी म्हटलं नव्हतं, ते मी म्हटलं, तेही तिच्याच बाबतीत.

मी विजयकडे बघितलं. तो उंबऱ्यावर बसून ऐकत होता. याडी गेल्यापासून पहिल्यांदा तो माझ्याशी सरळ बोलला. रागानं नाही, थकून.

"आता तरी चहा पी," तो म्हणाला. "बा म्हणते, 'डाव अर्धा हाय, मी वणीले येत नाही.' किती दिवस थांबाव आमी?"

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडलात, त्यांना एक सांगते. आपण दूर बसून उसासे टाकतो की घर आपली वाट बघतंय. आपल्याला ते गोड वाटतं. पण वाट बघणाऱ्याच्या हातात फासा असतो आणि त्याला तो टाकता येत नाही, हे आपल्या ध्यानात येत नाही. आणि जे मागे राहिलात, त्यांना काय सांगू? तुम्ही थांबलात म्हणून आम्हाला जाता आलं. हे मी विजयला तेव्हाच म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. म्हणून इथं लिहिते आहे.

बानं पुठ्ठा कोठीवरून उतरवून ओट्यावर ठेवला आणि स्वतः चहा केला, याडीच्या मापानं, तिच्याच पितळेच्या वाटीनं साखर घालून. माझ्या हातात कप दिला. दोघं पुठ्ठ्याच्या दोन बाजूंना बसले. मी कधी नव्हे ती बशी न घेता प्यायले. वाटलं होतं, तोच स्वाद येईल आणि मन भरून येईल. तसं काही झालं नाही. इथल्या बिनसाखरेच्या चहाची सवय झालेल्या माझ्या जिभेला तो फार गोड लागला, घशाखाली उतरेना. कप अर्धा असताना मी थांबले. विजयच्या मुठीत फासा होता. बा माझ्या कपाकडे बघत होता. मी पुन्हा तोंडाला लावला आणि शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

विजयनं फासा टाकला. तवा गच्चीवर गेला. मग बा गेला, मग मी. स्कूटर दुसऱ्या मजल्यावर होती. तिला कुणी हात लावला नाही.

चार दिवसांनी बानं घराला कुलूप लावलं आणि तो विजयबरोबर वणीला गेला. आता तिथं तो नातीला शाळेत सोडतो आणि ट्रकांच्या धुळीला शिव्या देतो. विजय फोनवर पूर्वीसारखा बोलतो, चिडवतोसुद्धा. खेळ मी सोबत आणला. तो माझ्या कपाटात आहे आणि मी तो एकदाही उघडलेला नाही.

इथं कुणी विचारलं, घर कुठं, तर मी यवतमाळ जिल्हा सांगते, आणि जास्तच खोलात गेलं तर फुलसावंगी. पण तांड्यावर आता कुलूप आहे, आणि वणीतलं घर विजयचं आहे. माझ्यासाठी घर म्हणजे एका पुठ्ठ्याभोवती फासा हातात धरून गप्प बसलेली तीन माणसं, आणि माझ्या हातात न संपलेला चहा. ते घर इतकी वर्षं उभं होतं, मी कपाला तोंड लावलं नाही तोवर. त्या दुपारी मी तो प्यायले. साखर जास्त झाली होती, तरी पूर्ण प्यायले.